सहा इंचांतलं मूळ चित्र

मार्च २०२१ मध्ये ख्रिस्तीज या लिलावगृहाने एक जेपीजी फाइल सुमारे ६.९३ कोटी डॉलरला विकली. कलाकार अमेरिकेचा, 'बीपल' या नावाने काम करणारा. त्याच महिन्यात मुंबईच्या सॅफ्रनआर्टच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९६१ सालचं चित्र ३९.९८ कोटी रुपयांना गेलं. पहिली बातमी आमच्या ऑफिसच्या प्रत्येक ग्रुपवर फिरली. दुसरी कुठेच दिसली नाही. गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले आणि मी तिथून जवळच्याच कन्हानचा, म्हणून ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात.

बीपलने १ मे २००७ पासून रोज एक चित्र केलं. विकली गेली ती अशा ५००० चित्रांची चौकट. फोनवर ती रंगीत खडीसारखी दिसते, पण झूम करत गेलात की एकेक दिवस उघडत जातो. सुटी चित्रं पाहिली तर बरीचशी सामान्य आहेत. खरी ताकद आहे त्या रोजच्या सवयीत. मुख्य म्हणजे हे काम स्क्रीनवरच जन्मलं, त्यामुळे स्क्रीनवर त्याचं काहीच हरवत नाही.

गायतोंड्यांचं मात्र जवळजवळ सगळंच हरवतं. ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. थराखालचा थर दिसतो म्हणून आतून उजेड येतोय असं वाटतं. सहा इंचांच्या काचेवर उरतो एक रंगीत आयत आणि त्यावर काही डाग. तरीही त्याला कोटी मिळतात, कारण घेणाऱ्याचा भरवसा फोटोवर नसतो. चित्र आधी कोणाकडे होतं, कुठे लागलं होतं, अस्सल असल्याची हमी कोण देतं, यावर तो असतो.

आता तिसरं चित्र. माझी मामेबहीण कन्हानलाच राहते. इथल्या कोळसा खाणींची काळी धूळ आणि नदीची रेती रंगात कालवून ती कॅनव्हासवर काम करते. मी तिला विक्रीसाठी वेबसाइट बांधून दिली. किंमत अडीच हजार. पेमेंट गेटवे उत्तम चालतो, पान झटकन उघडतं. लोक येतात, बघतात आणि मेसेज करतात. ती एकदा म्हणाली, "दादा, सगळे एकच विचारून राहिले, याची प्रिंट तीनशेत देता का?"

लोकांचं काय चुकलं? काचेवर धूळ सपाट होते, रेतीचा खरखरीतपणा जातो. तिथे मूळ आणि प्रिंट यांत फरकच उरत नाही, मग जास्तीचे बावीसशे कशाचे? बीपलसारखं तिचं काम स्क्रीनचं नाही आणि गायतोंड्यांसारखी हमी देणारं तिच्यामागे कोणी नाही. मूळ चित्रं सोडून मोबाइल कव्हरवर डिझाइन करावं का, असा प्रश्न सध्या मामाच्या घरात आहे. "ऑनलाइन टाक, विकलं जाईल" या सल्ल्यात हा प्रश्न धरलेलाच नसतो.

एनएफटीवाल्यांचं म्हणणं होतं, भरवसा आम्ही कोडमध्ये घालू. चित्र पुन्हा विकलं गेलं की कलाकाराला आपोआप रॉयल्टी. मी कोड वाचणारा माणूस. रॉयल्टीसाठीचं ईआरसी-२९८१ हे मानक फक्त सांगतं की अमुक किमतीवर अमुक रक्कम अमुक पत्त्यावर द्यावी. ती द्यायला लावत नाही. ओपनसी या मोठ्या बाजाराने ऑगस्ट २०२३ मध्ये रॉयल्टीची सक्ती काढायचं जाहीर केलं आणि 'आपोआप' ऐच्छिक झालं.

गंमत म्हणजे असा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात आधीपासून आहे. कलम ५३अ. मूळ चित्र दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. पण वाटा मागायचा तर फेरविक्री झाल्याचं आधी कळायला हवं. अडचण पुन्हा तीच. नोंद कोणी ठेवायची?

म्हणून तिच्या वेबसाइटवर मी आता वेगळं काम करतोय. प्रत्येक चित्राचा तिरप्या उजेडातला फोटो, म्हणजे रेतीची सावली दिसेल. कॅनव्हासच्या मागची सही. रंग कालवतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. बिलावर चित्राचा क्रमांक, विकत घेणाऱ्याचं नाव आणि कलम ५३अ चा उल्लेख. याने विक्री वाढेलच असं मी तिला सांगितलेलं नाही. पण बघणाऱ्याला मूळ चित्र आणि प्रिंट यातला फरक दिसलाच नाही, तर तिने ते अडीच हजारांना मागायचं तरी कशाच्या जोरावर?