मितीची साक्ष: लिओनार्दोच्या एका रेखाचित्राविषयीं

फ्लॉरेन्स येथील उफ्फीत्सी संग्रहालयांत लिओनार्दो द विंची याचें लेखणी व शाई यांनीं काढलेलें एक लहान चित्र आहे. कागद सुमारें 19 सेंटिमीटर उंच व 28 सेंटिमीटर रुंद. डावीकडे टेकडीवर तटबंदीचें गांव, मध्यें दूरवर पसरलेली सपाट भूमि, आणि उजवीकडे कड्यावरून डोहांत कोसळून खडकांतून वाट काढणारा ओढा. देव नाहीं, राजा नाहीं, कथाप्रसंगही नाहीं.

वरच्या डाव्या कोपऱ्यांत, आरशांत धरून वाचाव्या लागणाऱ्या उलट्या अक्षरांनीं, हिममाता मेरी हिच्या सणाचा दिवस, 5 ऑगस्ट 1473, अशी मिति घातली आहे. चित्रकार तेव्हां 21 वर्षांचा होता. सण व तारीख परस्परांशीं जुळतात, म्हणून मितीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

परंतु एवढ्यावरून पुष्कळांनीं असें ठरविलें कीं, हा देखावा त्या दिवशीं जागेवर बसूनच काढला. हें अनुमान आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. मिति काल सांगते, स्थल सांगत नाहीं. हेतु एकाचा आणि साध्य दुसऱ्याचें, मग व्याप्ति कोठून आणावी? गांवास विद्वानांनीं निरनिराळीं नांवें दिलीं, त्यांत एकमत झालेलें नाहीं. शिवाय 2019 सालच्या तपासणींत शाईखालीं आधींचें रेखाटन आढळलें. तेव्हां एका बैठकीचें काम हें मत अधिकच दुबळें ठरतें.

यास पाश्चात्त्य कलेंतील पहिलें निसर्गचित्र म्हणतात. हें विशेषण यूरोपापुरतेंच राखावें, व तेंही जपून. चिनी चित्रकार गुओ शी याच्या ‘वसंतारंभ’ या चित्रावर 1072 ची मिति आहे. म्हणजे तें 401 वर्षांनीं जुनें. लिओनार्दोचें श्रेय अन्यत्र आहे. कड्यावरचीं झाडें त्यानें घाईच्या समांतर रेघांनीं उरकलीं, तीं आम्हांस उणीं वाटतात; पण पाण्याच्या धारेंत व खडकांच्या थरांत हात आणि डोळा एकत्र चालले आहेत. पाणी कसें पडतें हें पाहिल्यावांचून तें असें काढतां येत नाहीं. तथापि पाणी पाहिलें एवढ्यावरून हाच ओढा पाहिला असें होत नाहीं.

कागदाच्या पाठीवर पूल व ओढा यांचें अपुरें रेखन, एक मनुष्याकृति आणि सरळ वळणाचा लेख आहे. दोन्ही लेख लिओनार्दोचेच, उलटा डाव्या हाताचा व सरळ उजव्या हाताचा, असा तपासणारांचा निर्णय आहे. पाठ झांकली असती तर हा निर्णय कशावर झाला असता? आमच्या पाहण्यांत आलेल्या एका खाजगी संग्रहांत पोथीचें शेवटचें पान पुठ्ठ्यास डकविलेलें होतें. पुष्पिका मागें होती, ती कायमची गेली. संग्राहकांस आमची एवढीच विनंति कीं, पान सजविण्यापूर्वीं तें उलटून पाहावें, आणि पाठ मोकळी ठेवावी.