केडगावचे संजीवन व आमची टीकादृष्टी

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात एक चमत्कारिक विषमता आढळते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांस 'सरस्वती' म्हणून गौरविले, १८८२ साली त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध झाले, १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ साली शारदासदन उघडले आणि १८९३ साली त्या सदनावरून पुण्यात वादळ उठले, येथवरचा वृत्तांत सामान्य सुशिक्षित वाचकास ठाऊक असतो. त्यापुढे मात्र पडदा पडतो. वस्तुतः रमाबाई त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगल्या व त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्या काळातच झाले. इतकेच नव्हे, तर ज्या एका गोष्टीमुळे केडगाव हे नाव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास माहीत झाले, तीही याच काळातील आहे. जगातील पेन्टेकॉस्टल मंडळ्यांचे इतिहासकार ज्या गावास आपल्या उगमस्थानांपैकी एक मानतात, त्या गावाविषयी आमच्या टीकाकारांनी मौन पाळावे, हे वाङ्मयदृष्ट्याही बरे नव्हे.

प्रथम घडले काय ते पाहू. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून व १९०० च्या दुष्काळात गुजराथेतून रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली केडगावास आणल्या. १९०० च्या सुमारास मुक्तिसदनात जवळजवळ दोन हजार माणसे होती. विणकाम, शेती, तेलाची घाणी, छापखाना अशी कामे मुली स्वतः चालवीत. १९०४-०५ साली वेल्समध्ये धर्मजागृतीची लाट उठल्याचे वर्तमान ऐकून रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत प्रार्थनेचे मंडळ सुरू केले. प्रारंभी सत्तरएक बाया जमत. जूनपर्यंत ती संख्या पाचशेवर गेली. त्याच सुमारास मिनी एब्रॅम्स या अमेरिकन सहकारिणीने आसपासच्या खेड्यांत जाऊन प्रचार करण्यासाठी मुलींस हाक दिली व तीस जणी पुढे आल्या. २९ जूनच्या रात्री त्यांच्यापैकी एकीच्या अंगावर जणू अग्नी उतरला असे दुसरीस दिसले आणि ती घाबरून पाण्याची बादली आणण्यास धावली, अशी हकीकत समकालीन लेखनात आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय समजावून देत असता सर्व सभा एकदम मोठ्याने रडू व प्रार्थना करू लागली. पुढे १९०६ च्या अखेरीस काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्याची वार्ता पसरली. अमेरिकेत लॉस एंजलिस येथील अझूसा रस्त्यावरची सुप्रसिद्ध सभा विल्यम सीमूर या निग्रो उपदेशकाच्या नेतृत्वाखाली १९०६ च्या एप्रिलात सुरू झाली. म्हणजे केडगावचे संजीवन तिच्या आधी नऊ-दहा महिन्यांचे आहे.

या प्रसंगाविषयी लिहिणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात, आणि आम्हांस दोन्ही अपुरे वाटतात. पहिला पक्ष भाविकांचा. हेलन डायर यांनी १९०७ साली हिंदुस्थानातील संजीवनावर पुस्तक लिहिले. अशा लेखनात माहितीचा साठा मोठा, पण मुली मात्र केवळ साक्षीदार म्हणून येतात. कोण कोठली, दुष्काळात तिने काय पाहिले, तिची मातृभाषा कोणती, हे क्वचितच कळते. दुसरा पक्ष आमच्या सुधारक-विद्वानांचा. त्यांस हे सर्व अनाथ मुलींचा वातविकार किंवा परकीय मिशनच्या पैशाचा परिणाम वाटतो. पैसा परदेशातून येत होता हे खरेच. परंतु परदेशी मिशनरी रमाबाईंच्या सभेतील रडण्या-ओरडण्यास नाक मुरडीत होते आणि रमाबाईंनी त्यांस उलट सुनावले की, आपल्या लोकांच्या भक्तीची रीत पाश्चात्त्य शिस्तीने मोजू नये, हेही तितकेच खरे आहे. ज्या स्त्रीने ब्राह्मणांचा अधिकार मानला नाही, तिने बिशपांचाही मानला नाही; अन्य भाषा हेच पवित्र आत्म्याच्या आगमनाचे एकमेव चिन्ह होय, हे मतही तिने स्वीकारले नाही. असा विवेक ज्या ठिकाणी होता, त्यास निव्वळ उन्माद म्हणून निकालात काढणे हा टीकेचा आळस आहे.

एखादा धर्म परक्या भूमीत रुजतो कसा, हे पाहावयाचे तर कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून रायगड म्हणविणाऱ्या जिल्ह्याच्या, किनाऱ्याइतके चांगले उदाहरण नाही. अलिबागेजवळच्या नवगाव येथे गलबत फुटून आपले पूर्वज लागले, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. हे लोक तेल गाळीत व शनिवारी घाणी बंद ठेवीत, म्हणून 'शनिवार तेली' म्हणविले. त्यांच्यासाठी जॉन विल्सन या स्कॉच पाद्र्याने १८३२ साली हिब्रूचे व्याकरण लिहिले, ते मराठीतून. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच लोक मोशे-योसेफाची आख्याने मराठी कीर्तनांतून गाऊ लागले. तिकडे रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई येथे पोर्तुगीज १७४० साली निघून गेले, तरी त्यांची भाषा मराठीच्या सहवासात पालटून 'क्रिस्ती' या नावाने ख्रिस्ती वस्तीच्या घराघरांत राहिली. राज्यकर्ते जातात, पैसा आटतो, परंतु माणूस ज्या भाषेत रडतो व गातो त्या भाषेत शिरलेली उपासना टिकते, हा त्या किनाऱ्याचा धडा आहे.

रमाबाईंस हे पुरते उमगले होते. त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले, ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. पूर्वीच्या भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द साध्या बायकांस कळत नाहीत व त्यांस जुन्या तत्त्वज्ञानाचा वास येतो, म्हणून त्यांनी मुद्दाम सोपी भाषा पत्करली. पदलालित्याच्या दृष्टीने त्यात उणेपणा काढता येईल. परंतु ज्या स्त्रीस पुराणे मुखोद्गत होती तिने जाणूनबुजून पांडित्य उतरवून ठेवावे आणि ते पुस्तक आपल्या मुलींकडूनच छापवून घ्यावे, यात एक वाङ्मयीन निर्णय आहे व तोच १९०५ च्या प्रसंगाची किल्ली आहे. ज्या सभेत मोठ्याने बोलण्याचा अधिकार जन्मतः मिळालेला नव्हता, तेथे दुष्काळातून आलेली मुलगी प्रथमच सर्वांदेखत मोठ्याने बोलू लागली. अन्य भाषांचे नवल सांगणाऱ्यांनी या नवलाकडे लक्ष दिले नाही.

आता या अग्नीच्या ठिणग्या कोठे गेल्या ते पाहू. एब्रॅम्सबाईंनी १९०६ साली पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर एक लहान पुस्तक लिहिले आणि दक्षिण अमेरिकेत चिली देशातील वाल्पारायसो येथे राहणाऱ्या मे लुईझ हूव्हर या आपल्या जुन्या सहाध्यायिनीस त्याची प्रत पाठविली. तिचे पती विलिस हूव्हर तेथील मेथॉडिस्ट मंडळीचे पाळक होते. १९०९ साली त्या मंडळीत केडगावसारखेच संजीवन झाले, १९१० साली मातृसंस्थेशी फारकत झाली, आणि त्यातून चिलीची पेन्टेकॉस्टल मंडळी उभी राहिली. तिचे राजधानी सांतियागोतील होताबेचे रस्त्यावरचे मंदिर हजारो माणसे सामावणारे आहे. एका मराठी खेड्यातील बायकांच्या प्रार्थनेची कथा टपालाने जावी व समुद्रापलीकडे एवढी वास्तू उठावी, हा प्रकार कादंबरीत लिहिला असता तर आम्ही त्यास असंभाव्य म्हटले असते.

परंतु येथेच आमची शंका सुरू होते. त्या मंदिराचे उद्घाटन १९७४ च्या डिसेंबरात झाले, तेव्हा व्यासपीठावर जनरल पिनोशे होते आणि पाळकांनी त्यांच्या लष्करी राजवटीस जाहीर पाठिंबा दिला होता. कोरियातील सेऊल येथे १९५८ साली झोपडवस्तीतील तंबूत पाच माणसांनिशी सुरू झालेली योइदो मंडळी लक्षावधींची झाली. घरोघरच्या तिच्या लहान सभा मुख्यतः स्त्रियांनी चालविल्या. पण संस्थापक पाळकास २०१४ साली न्यायालयाने मंडळीच्या पैशाच्या व्यवहारात दोषी ठरविले. दोन्ही ठिकाणी क्रम एकच दिसतो. आरंभी मुक्यांस वाचा फुटते. मग संख्या वाढते, वास्तू उठते. आणि शेवटी एकच मनुष्य बोलतो व हजारो ऐकतात. संख्येने धर्माचे बळ मोजणारास या उलटापालटीची खंत नसेल, आम्हांस आहे.

केडगावात ही गोष्ट घडली नाही, याचे श्रेय आम्ही रमाबाईंच्या व्यवस्थेस देतो. तेथे रात्री प्रार्थना झाली तरी सकाळी माग, घाणी व छापखाना चुकत नसे. अग्नी होता, पण चूलही होती. ज्या मुलीने सभेत हंबरडा फोडला तिला खिळे जुळविता येत होते. तिचे पोट कोणा उपदेशकाच्या चमत्कारावर अवलंबून नव्हते. आज मुंबई-पनवेलकडच्या नव्या वस्त्यांतून भाड्याच्या जागेत लहान लहान पेन्टेकॉस्टल मंडळ्या भरतात. त्यांत येणारांपैकी अनेक जण कामधंद्यासाठी गाव सोडून आलेले असतात. कोणी त्यांस प्रलोभनाचे बळी म्हणतो, कोणी त्यांच्या वाढत्या संख्येचा विजयघोष करतो. आमच्या मते दोघांनीही केडगावाकडे पाहावे व एवढेच विचारावे: येथे येणाऱ्या बाईस स्वतःची वाचा मिळते की दुसऱ्याच्या आवाजास केवळ होकार देण्याची सवय लागते? येथून परतताना तिच्या हातास काही काम येते काय?

हे प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळ्यांपुरते नाहीत. ज्यांच्या उत्सवांतून, संप्रदायांतून व बुवा-महाराजांच्या मांडवांतून लाखो माणसे जमतात, त्या आम्हां सर्वांनाच ते लागू आहेत. रमाबाईंचे धर्मांतर ज्यांस खुपते त्यांनी ते खुपू द्यावे. मतभेदाचा हक्क कोणी हिरावून घेत नाही. परंतु महाराष्ट्राच्या एका कन्येने जगाच्या धर्मेतिहासात जे पान लिहिले, ते वाचल्यावाचून फाडून टाकण्याचा हक्क मात्र आम्हांस नाही. १९०५ चे केडगाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात यावयास हवे. कारण तेथे बोलू लागलेल्या त्या मुलींची नावे-गावे अद्याप कोणी मराठीत नीट लिहिलेली नाहीत, आणि परक्यांनी लिहिलेल्या कथेत त्या अजून बिननावाच्याच उभ्या आहेत.