ब्रिटनमधील कामव्यवहाराच्या पाहण्या : साधन म्हणून परीक्षण

ग्रेट ब्रिटनमधील लोकांच्या कामव्यवहाराची व तत्संबंधी आरोग्याची राष्ट्रीय पाहणी प्रथम १९९०-९१ मध्यें झाली. एड्सच्या प्रसाराचा अदमास बांधण्यास ती आवश्यक होती. तथापि १९८९ सालीं थॅचर सरकारनें तीस द्रव्यसाहाय्य नाकारलें, तेव्हां वेलकम ट्रस्ट या धर्मादाय संस्थेनें तो भार उचलला. १८,८७६ स्त्रीपुरुषांच्या जबान्या जमल्या. सरकारी दप्तरानें अव्हेरलेला कागद खासगी आश्रयानें वांचावा, हें आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं.

परंतु जबानी ती जबानीच. २०१०-१२ च्या तिसऱ्या पाहणींत पुरुषांनीं आपल्या आयुष्यांतील स्त्री-जोडीदार सरासरी १४ सांगितले. स्त्रियांनीं पुरुष-जोडीदार सांगितले ७. वस्तुतः या जमाखर्चाच्या दोन्ही बाजू जवळजवळ जुळावयास हव्यात. बखरकारांचे फौजेचे आंकडे ज्यांनीं ताडून पाहिले आहेत, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. पुढें संशोधकांनींच छाननी केली. थोडक्या जणांनीं सांगितलेल्या अचाट संख्यांनीं सरासरी फुगली होती. पुरुष एकेक जोडीदार मोजण्याऐवजीं अदमासानें आंकडा सांगण्याकडे अधिक झुकत होते. शिवाय क्षणिक संबंधांविषयींची उभयतांची मतें भिन्न होतीं. एवढें जमेस धरतां तफावत बरीच घटली, पण नाहींशी झाली नाहीं. ती झांकली नाहीं, याबद्दल संपादकांस श्रेय दिलें पाहिजे. दोष आहे तो नुसती सरासरी उचलून मिरविणारांचा.

तीन पाहण्यांची तुलना करतांनाही जपावें लागतें. पहिलींत वय १६ ते ५९, दुसरींत १६ ते ४४, तिसरींत १६ ते ७४. त्यामुळें तिहींस समान असा पट्टा १६ ते ४४ हाच. नाजूक प्रश्नांचीं उत्तरें पहिल्या वेळीं छापील पुस्तिकेंत, नंतर संगणकावर घेतलीं. तेव्हां वाढलेले आंकडे हे वर्तनांतील बदलाचे किती व मोकळेपणाचे किती, हा प्रश्न उरतोच. तिसऱ्या वेळीं निवडलेल्या शंभरांपैकीं सुमारें ५८ जणांनींच भाग घेतला. वय, लिंग व प्रदेश यांनुसार भार देऊन ही उणीव कांहींशी भरून काढतात. न बोललेल्यांचें मन त्यानें कळत नाहीं.

दुसऱ्या पाहणीपासून कांहीं जणांच्या मूत्राची क्लॅमिडिया रोगासाठीं तपासणी झाली, हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. बखरीच्या शेजारीं शिलालेख मिळावा तसें हें झालें. संसर्ग आहे कीं नाहीं, एवढें तरी त्यावरून स्वतंत्रपणें ठरतें. जोडीदारांची गणती मात्र तो शिलालेख सांगत नाहीं. नांवें वगळलेल्या मूळ उत्तरांचा संग्रह यूके डेटा आर्काइव्हमध्यें ठेवलेला आहे. पुढील अभ्यासकांनीं छापील सारांश बाजूस ठेवून तोच उघडावा.