ग्रंथपाल मुलीची मजुरी

मंडळी, गेल्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं आम्हाला अडवलं. म्हणाला, “सर, पैशाचं शिक्षण तुम्ही प्राध्यापकांनी आम्हाला का दिलं नाही?” आणि ‘रिच डॅड पुअर डॅड’ वाचायला सांगून गेला. टोचलं, कारण प्रश्न खरा होता. आम्ही इतकी वर्षं कांट शिकवला. पण कर्जावरचं चक्रवाढ व्याज कसं फुगतं, नेमणुकीच्या पत्रातल्या अटी कशा वाचाव्यात, हे वर्गात कधी काढलंच नाही. म्हणून आज ते पुस्तक नीट वाचून आलो आहोत.

रॉबर्ट कियोसाकी आणि शेरॉन लेक्टर यांचं हे पुस्तक १९९७ सालचं. मराठीतही ते आलं आहे. हवाईतला एक मुलगा, त्याचे उच्चशिक्षित पण पैशाच्या ओढाताणीतले वडील आणि माइक या मित्राचे श्रीमंत वडील, अशी मांडणी. त्यातलं एक सूत्र खरोखर कामाचं आहे: खिशात पैसा आणते ती मालमत्ता, खिशातून काढते ते देणं. हिशेबनीस याला नाकं मुरडतील. पण हप्त्यांवर महागडा मोबाइल घेणाऱ्या मुलाला हे एक वाक्य जागं करू शकतं. त्याचं श्रेय पुस्तकाला दिलंच पाहिजे.

आता गोष्टीकडे येऊ. नऊ वर्षांचा रॉबर्ट माइकच्या वडिलांच्या दुकानात काम करतो. मजुरी तासाला दहा सेंट. त्याला ती अपमानास्पद वाटते, तो चिडतो. पुढे दोघं मित्र दुकानातली टाकाऊ कॉमिक्स गोळा करून एक वाचनालय काढतात. प्रवेश दहा सेंट. दोघांची कमाई आठवड्याला सरासरी साडेनऊ डॉलर. वाचक खूश! पैसा आपल्यासाठी राबतो तो असा.

पण थांबा. तिथं बसतं कोण? माइकची धाकटी बहीण. रोज शाळा सुटल्यावर अडीच ते साडेचार, दोन तास. तिला आठवड्याला एक डॉलर. शाळेचे पाच दिवस धरा, म्हणजे दहा तास. तासाला किती पडले? दहा सेंट! ज्या मजुरीवर रॉबर्ट चिडला, नेमकी तीच. आणि पुस्तकाला याची दखलही नाही. तिथं पैसा राबत नव्हता, ती मुलगी राबत होती.

आमचा आक्षेप एवढाच आहे. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट सांगतो. वाचनालय काढणं वाईट नाही, तिला पगार देणंही वाईट नाही. पण जे शिक्षण आपल्यावरचा अन्याय ओळखायला शिकवतं आणि आपल्या हातून होणारा तोच व्यवहार दिसू देत नाही, ते अर्धंच शिक्षण झालं.

आणि या अर्धवटपणाची किंमत तरुणच मोजतात, बरं का. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे ९३ टक्के तोट्यात गेले. २०२३-२४ मध्ये अशा व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतले ४३ टक्के होते. या तोट्याला हे पुस्तक जबाबदार आहे, असं आम्ही म्हणत नाही. पण ‘नोकरी करणारा तो मूर्ख’ एवढंच ज्याच्या मनावर ठसलं, तो समोरच्या बाजूला कोण बसलंय हे विचारणार कधी?

मग शिकवायचं काय? व्याज, विमा, कर, धंद्याचा ताळेबंद, सगळं शिकवा. उद्योजकता तर जरूर शिकवा. फक्त प्रत्येक हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला लावा. याच वाचनालयाची जमाखर्चाची वही मुलांच्या हाती द्या आणि सांगा: मालक म्हणून एकदा लिही, मग त्या मुलीच्या जागी बसून पुन्हा लिही.

त्या तरुण श्रोत्याला आमचं उत्तर असं: तुम्हाला पैशाचं शिक्षण दिलं नाही, ही आमची चूक. पण ते आता घ्याल, तेव्हा त्या ग्रंथपाल मुलीला विसरू नका. उद्या तिच्या खुर्चीत तुम्हीही असू शकता.