इंच, मैल आणि ओसरी

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मी दोन दिवसांची रजा घेतली होती. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी डोळा दाखवायला बोलावलं, तेव्हा आणखी एक दिवस मागितला. साहेबांनी एक इंग्रजी म्हण अंगावर फेकली : 'इंच दिला की मैल घेता तुम्ही लोक!'

मी गप्प बसलो. पण पडलो कॉमर्सचा पदवीधर. आकडा ऐकला की बोटं आपोआप चालायला लागतात. एका मैलात इंच ६३,३६०. दोन दिवसांच्या रजेला हाच भाव लावला तर मी ३४७ वर्षांची रजा मागायला हवी होती. मागितला होता एक दिवस.

मुळात ही म्हण इतकी बेताल नव्हती. जॉन हेवूडनं १५४६ साली इंग्रजी म्हणींचं पुस्तक काढलं, त्यात इंचापुढे मैल नाही, 'एल' आहे. एल म्हणजे कापड मोजायचं माप, ४५ इंचांचं. आपला सव्वा वार म्हणा ना! माप जरा सैल सोडा म्हणता म्हणता सव्वा वार पदरात पाडून घेणारं गिऱ्हाईक पटतं. अशी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. नावं सांगत नाही. पुढे एल मोडीत निघाला आणि त्याच्या जागी मैल येऊन बसला. कुठे ४५ आणि कुठे ६३,३६०! दुसऱ्याला मर्यादा शिकवणाऱ्या म्हणीनं स्वतःच ताळतंत्र सोडला. आपल्याकडे १९५८ पासून मेट्रिक मापं आली, पण म्हणीला कुणी हात लावला नाही हे बरं झालं. सेंटिमीटर देऊन किलोमीटर म्हटलं असतं तर भाव थेट लाखावर गेला असता.

त्यापेक्षा आपली 'भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी' कितीतरी सरस. तिच्यात आकडा नाही, माणूस आहे. आणि सगळी गंमत त्या 'हळूहळू'त आहे. मैल कुणी एकदम घेत नाही हो, आधी एक पाय लांब होतो, मग दुसरा.

एकच तक्रार. दोन्ही म्हणी ओसरीच्या मालकानं रचलेल्या. भट किती कोस चालून आला होता, ओसरी मुळात पाय मावण्याइतकी तरी रुंद होती का, याची चौकशी कुठेच नाही. इंचात ज्याचं भागतच नव्हतं त्यानं काय करावं, हे हेवूडसाहेबही सांगत नाहीत आणि आमचेही.

रजा शेवटी मंजूर झाली. अर्जावर सहीसाठी इंचभर चौकट होती. साहेबांची सही तिच्यातून निघाली ती माझं नाव ओलांडून थेट समासापर्यंत गेली.