शेल्टर्ड इन्स्ट्रक्शनचे प्रतिमान आणि मुलाची घरची भाषा

इंग्रजी पुरती येत नसताना इंग्रजीतूनच गणित व विज्ञान शिकावे लागणाऱ्या मुलांना कसे शिकवावे, हा अमेरिकेतील जुना प्रश्न आहे. सान फ्रान्सिस्कोतील चिनी भाषिक विद्यार्थ्यांच्या लाऊ विरुद्ध निकोल्स या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली निर्णय दिला. भाषाच न कळणाऱ्या मुलांना इतरांसारखीच पुस्तके व शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही, असे त्यात म्हटले; उपाय मात्र सांगितला नाही. जाना एचेवारिया, मेरीएलेन व्होग्ट व डेबोरा शॉर्ट यांचे २००० साली निघालेले ‘मेकिंग कंटेंट कॉम्प्रिहेन्सिबल’ हे पुस्तक ती उणीव भरून काढू पाहते.

यातील एसआयओपी प्रतिमानाचे आठ घटक व तीस वैशिष्ट्ये आहेत. त्यांतील सर्वात मोलाची सूचना पाठनियोजनाची आहे : प्रत्येक पाठाला आशयाच्या उद्दिष्टाबरोबर भाषेचेही उद्दिष्ट असावे. बाष्पीभवन शिकवायचे तर ‘जर... तर...’ या अर्थाचे वाक्य मुलाला इंग्रजीत बोलता यावे, हेही शिक्षकाने आधीच ठरवायचे. आपल्याकडील विज्ञानाच्या पाठ टिपणात असे काही क्वचितच आढळते.

आक्षेप वेगळा आहे. तीसपैकी केवळ एका वैशिष्ट्यात मुलाच्या स्वतःच्या भाषेला जागा मिळते. ते ‘आंतरक्रिया’ या घटकात शेवटी येते, आणि तेही ‘गरजेप्रमाणे’. पुस्तक निघण्याच्या दोनच वर्षे आधी, १९९८ साली, कॅलिफोर्नियात प्रस्ताव २२७ मंजूर होऊन द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधने आली होती (ती २०१६ च्या मतदानाने उठली). त्या वातावरणात हा संकोच समजण्यासारखा आहे. परंतु जिम कमिन्स यांनी १९७९ पासूनच बोलण्याची इंग्रजी आणि अभ्यासाची इंग्रजी यांत भेद केला होता : पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच वर्षे किंवा अधिक लागतात. मग मधल्या काळात मुलाने विचार कोणत्या भाषेत करावा? याचे समाधानकारक उत्तर येथे मिळत नाही.

बेळगाव वा हैदराबाद येथील इंग्रजी माध्यमाच्या शिक्षकाने हे पुस्तक वाचताना एक फरक ध्यानी घ्यावा. कॅलिफोर्नियाच्या एकाच वर्गात स्पॅनिश, व्हिएतनामी, हमोंग बोलणारी मुले असू शकतात व शिक्षकाला त्यांपैकी एकही भाषा येत नसेल. आपल्या वर्गातील दखनी, मराठी किंवा कन्नड बहुधा शिक्षकाला येतेच; तो ती वर्गात शिरू देत नाही, इतकेच. ओला कपडा उन्हात लवकर का वाळतो हे दखनीत नीट सांगणारी मुलगी इंग्रजीत गप्प बसते, आणि तिला विषय समजला नाही असा शेरा पडतो.

आपल्या प्रशिक्षणवर्गांत हे प्रतिमान वापरायचे असल्यास ते एकोणिसावे वैशिष्ट्य पाठनियोजनात वर न्यावे. कोणती संकल्पना आधी घरच्या भाषेत बोलून घ्यायची आणि ती इंग्रजीत केव्हा लिहून घ्यायची, हे पाठ टिपणातच नोंदलेले असावे.