रीत आणि ताळा

एरिक टेंपल बेल या गणितज्ञाने १९५१ साली 'मॅथेमॅटिक्स: क्वीन अँड सर्व्हंट ऑफ सायन्स' या ग्रंथात सांगितलेली एक हकीकत मी दरवर्षी वर्गात सांगतो. यंदा एका मुलाने मला मध्येच अडवले, आणि या आवडत्या कथेकडे टीकाकाराच्या नजरेने पाहणे भाग पडले.

कथा अशी. दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या येते. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली ती मूळसंख्या ठरवली. म्हणजे तिचे अवयव पडायचे नाहीत. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. एकीकडे त्याने हा घात मांडला, दुसरीकडे १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला. उत्तरे तंतोतंत जुळली. अवाक्षर न काढता तो जागेवर जाऊन बसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. किती वेळ लागला, असे बेलने पुढे विचारले तेव्हा तो म्हणाला, तीन वर्षांचे रविवार.

नायकाच्या तोंडी एकही वाक्य न घालता असा प्रसंग उभा करणाऱ्या बेलचा मला, एका कादंबरीकाराला, हेवाच वाटतो. पण तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, आम्ही नुसते उत्तर लिहिले की तुम्ही गुण कापता. यांनी रीत कुठे दाखवली?"

खरेच, फळ्यावर दिसला तो ताळा. त्याने उत्तर निर्विवाद ठरते, पण ते सापडले कसे हे कळत नाही. माझे गणित मॅट्रिकपुरते, तरी हिशेब करून पाहिला. या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला १३४ ने भागल्यास बाकी १ उरते. तशा संख्या १३५, २६९ अशा ओळीने तपासल्या तर धाकटा अवयव १४,४५,५८० व्या जागी भेटतो. तीन वर्षांचे रविवार साधारण १५६. म्हणजे दर रविवारी नऊ हजारांवर भागाकार, तेही हाताने!

नुसत्या चिकाटीने हे व्हायचे नाही. कोलने वर्गशेषांच्या चाळणीने उमेदवार संख्या गाळल्या होत्या, आणि १९०३ च्या डिसेंबरात या विषयावर निबंधही छापला. कथेतला कोल मुका आहे, खरा कोल नव्हता. शिवाय एकही अवयव न शोधता ही मूळसंख्या नव्हे, हे लूकासने १८७६ सालीच सिद्ध केले होते. चोरी झाल्याचे ठाऊक होते, चोर सापडायला सत्तावीस वर्षे लागली.

कथा रंगते ती टाळ्यांवर. त्या नादात रीत झाकली जाते आणि गणित म्हणजे निमूट राबणे, असा मुलांचा समज होतो. हा दोष लहान नव्हे.

त्या मुलाचे कापलेले गुण मी परत दिले नाहीत. मात्र आता टाळ्यांपाशी कथा संपवत नाही. फळा पुसतो आणि १३४ पासून सुरुवात करतो.